कानांची आणेवारी

महसूल खात्यातील तेहतीस वर्षांच्या चाकरीत मी ज्वारीची, बाजरीची, तुरीची आणि एकदा तर, साहेबांच्या आग्रहास्तव, न उगवलेल्या हरभऱ्याचीही आणेवारी कागदावर उतरवली; परंतु सेवानिवृत्त होऊन बारा वर्षे लोटल्यावर, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कानांत घालावयाच्या इअरफोनची आणेवारी ठरविण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे भाकीत कोणा ज्योतिष्याने केले असते, तर दक्षिणेची गोष्ट दूरच राहो, त्याला मी चहादेखील विचारला नसता.

ज्या तरुण वाचकांचा जमिनीशी संबंध सात-बाराच्या उताऱ्यापुरताही आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की पीक सोळा आणे आले म्हणजे पूर्ण आले आणि आठ आणे आले म्हणजे निम्मे आले. 1957 साली दशमान नाणी आली आणि यथावकाश कागदोपत्री आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली उतरलेले गाव टंचाईग्रस्तांच्या यादीत जाऊ लागले. पण गावकरी आणि जुने कारकून अद्याप आणेवारीच म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार. ही आणेवारी एका बैठकीत ठरत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती खाली उतरते. मधल्या काळात पाऊस, पुढारी आणि पंचांची मर्जी या तिन्हींना बदलण्यास वाव मिळावा, असा त्यातील हेतू असावा. इअरफोनच्या बाबतीतही मी हाच शिरस्ता पाळला, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप होत नाही.

या उठाठेवीचे मूळ असे, की पहाटे साडेचारला मला जाग येते आणि जाग आली की तंबोरा ऐकल्यावाचून मला करमत नाही. नोकरीची काही वर्षे मिरजेस गेल्यामुळे लागलेले हे व्यसन आहे. फोनमध्ये तंबोरा वाजविण्याची सोय आहे. पण फोनच्या पोटातून जो निघतो तो तंबोरा नव्हे, तंबोऱ्याची तक्रार असते. तीन-चार पहाटा सोसल्यानंतर आमच्या कुटुंबाने पांघरुणातूनच विचारले, "अहो, हा तंबोरा आहे की डास? डास असेल तर मारा, आणि तंबोरा असेल तर कानांत घाला." या आदेशावर अपील नव्हते.

बंगळूरला असणाऱ्या चिरंजीवांनी तत्परतेने बिनतारी इअरफोन धाडले. कुंकवाच्या करंड्याएवढ्या डबीत दोन पांढऱ्या गुटिका होत्या, आणि त्या गुटिकांना, त्यांच्या डबीला व माझ्या फोनला मिळून रोज विजेचा रतीब घालावा लागे. सोळाव्या दिवशी दात घासताना उजवी गुटिका निसटली, मोरीच्या जाळीवर क्षणभर घुटमळली आणि पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत अंतर्धान पावली. जोडीतला एक गेला की उरलेल्याला काही अर्थ राहत नाही, हे देवळाबाहेरच्या चपलांमुळे मला आधीच ठाऊक होते. तेव्हा ठरविले, की घ्यायचा तर तारेचा घ्यायचा. तारेची वस्तू हरवत नाही. ती गळ्यात पडते.

पुण्यात अशा वस्तूंसाठी पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीत जावे लागते. तेथे खिळ्याखिळ्याला इअरफोन असे लटकत असतात, की एखाद्या वैद्याच्या दुकानात वाळत घातलेल्या औषधी मुळ्यांची आठवण व्हावी. दुकानदाराच्या हाताखालच्या पोराने माझ्या अनुमतीची वाट न पाहता एक जोडी माझ्या कानांत खुपसली, ढोलकीचा गडगडाट असलेले कसलेसे गाणे लावले आणि डोळे मिचकावून म्हटले, "काका, बेस बघा, बेस. छाती हलते का नाही सांगा." छाती हलविण्यापूर्वी मला डॉक्टरांची परवानगी घ्यावी लागते, हे मी त्यास सांगितले, पण त्याच्यापर्यंत ते पोचले नाही, कारण मीच ओरडून बोलत होतो आणि तोही ओरडूनच उत्तर देत होता. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा तो मनुष्यास अधिक गोड वाटतो, हे विक्रेत्यांना आणि प्रचारसभांच्या वक्त्यांना सारखेच अवगत असते. म्हणून दुकानात ऐकून काही घेऊ नये, हा माझा पहिला निष्कर्ष. तो अर्थातच मी दुकानातून तीन जोड्या घेऊन बाहेर पडल्यानंतर काढला.

पहिली जोडी सत्तर रुपयांची, चपट्या गोल चकतीची, रबराचा स्पर्श नसलेली. दुसरी एकशे ऐंशी रुपयांची, काळी, टोकाला रबरी टोप्या असलेली. सोबतच्या चिमुकल्या पिशवीत लहान आणि मोठ्या मापाच्या आणखी दोन जोड टोप्या होत्या. तिसरी साडेपाचशेची, धातूच्या पेराची, आणि तिच्या खोक्यावर इतका इंग्रजी मजकूर होता की खरेदीखताची आठवण यावी. त्यातील एक कलम तिन्ही खोक्यांवर समान होते: हे यंत्र 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे सर्व स्वर देते. सत्तरवाला आणि साडेपाचशेवाला या दोघांचे उत्पन्न कागदावर सारखेच निघावे, हे पाहून मला तलाठी दप्तरातील किती तरी जुने दाखले आठवले. 20 ते 20,000 ही मनुष्याच्या निरोगी, तरुण कानाची मर्यादा आहे. यंत्राने ती फक्त स्वतःच्या नावावर फिरवून घेतली आहे.

आत प्रत्येकात काय असते ते तसे साधेच आहे. एक लहानसे लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटलेला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा. तारेतून वीज आली की वेटोळे हलते, वेटोळ्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्याबरोबर कानातली हवा. यात लबाडीला जागा फार थोडी आहे. जी आहे ती पडदा आणि कान यांच्यामधल्या दोन दोऱ्यांच्या अंतरात आहे, हे मला पुढे समजले.

कसोटीसाठी मी तंबोराच घेतला. गाण्यात मन गुंतते आणि शब्दांत अर्थ. तंबोऱ्यात लपायला कोणालाच जागा नसते. चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, जिच्यावर बाकीच्या तिघी जणी आपला संसार मांडतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली, की त्या चार तारांतून मुळात न छेडलेले किती तरी स्वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गुणगुणू लागतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक वृद्ध कारागीर घोडी घासून कान लावी, पुन्हा घासून पुन्हा कान लावी, आणि अशी अख्खी दुपार घालवून शेवटी "बोलली" एवढाच शेरा मारी. तो शेरा मी कचेरीतील कोणत्याही शेऱ्यापेक्षा अधिक मानतो. इअरफोन चांगला की वाईट, हे ठरवायचे तर खर्ज भरतो का आणि जवारी बोलते का, या दोन प्रश्नांपलीकडे विचारावयास नको.

नजरअंदाजात सत्तरवाल्याला मी पाच आणे दिले. तो कानाला टोचत नव्हता, कानावर नुसता पाहुण्यासारखा टेकला होता. पण त्याच्यात तंबोरा तीन तारांचा झाला होता. खर्जाची तार कोणी तरी उतरवून नेली असावी, इतका तिचा मागमूस नव्हता. साडेपाचशेवाल्याला बारा आणे दिले: खर्ज होता, जवारी होती, आणि दोहोंमध्ये झाडलेल्या अंगणासारखी मोकळी जागा होती. एकशे ऐंशीवाला मात्र चमत्कारिक निघाला. उजव्या कानात तंबोरा भरून वाजत होता आणि डाव्यात पत्र्याच्या डब्यावर कोणी नखे वाजवावीत तसा. एक बाजू नापीक! मी तत्काळ त्याला साडेचार आणे देऊन टंचाईग्रस्त ठरविले आणि दुसऱ्या दिवशी पावती, पिशवी व रीतसर तक्रार घेऊन दुकानात हजर झालो.

पोराने तक्रार ऐकली नाही. त्याने माझ्याकडे, मग माझ्या डाव्या कानाकडे पाहिले; डाव्या इअरफोनची रबरी टोपी अंगठ्याने उपटली, पिशवीतली मोठ्या मापाची टोपी काढून तिच्या जागी बसविली, आणि माझा कान किंचित वर ओढून ती आत सारली. शाळा सुटल्यानंतर माझा कान कोणी धरला नव्हता. आणि त्याच क्षणी खर्ज आला! विहिरीत घागर बुडताना जो गंभीर शब्द होतो, तसा तो तळातून वर आला, आणि त्याच्या पाठोपाठ उरलेल्या तिन्ही तारा आपापल्या जागी येऊन बसल्या. "काका, डाव्याला तुम्हाला मोठं लागतं," पोरगा म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सत्तर वर्षे हे दोन कान मी एकाच डोक्याच्या दोन बाजूंना वागवीत आलो, आणि त्यांचे माप एक नाही, ही बाब मला तपकीर गल्लीतल्या एका अठरा वर्षांच्या पोराकडून समजावी! घरी येऊन या विषयाचा पाठपुरावा केला, तेव्हा कळले की माणसाची दोन्ही कर्णरंध्रे सारखी नसणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे; टोपी आणि कान यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी खालचे स्वर त्या फटीतून निसटून जातात आणि वरचे तेवढे मागे राहतात. म्हणजे ज्याला आपण इअरफोनचा बेस म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा त्या रबराचा असतो. मी सत्तरवाल्या चपट्यालाही बोटाने कानावर दाबून पाहिले. तेथेही खर्ज परतला, बोट काढताच गेला. एका नव्या पैशाच्या रबरासाठी मी एका इमानदार इअरफोनला दुष्काळी यादीत टाकले होते. सरकारी नोकरीत असताना असे किती गावांच्या बाबतीत झाले असेल, तो हिशेब मी त्या दिवशी मनात आणू दिला नाही.

परंतु येथेच दुसरे संकट उभे राहते. फट बुजली म्हणजे बाहेरचे जग बंद होते आणि आतले सुरू होते. त्या काळ्या इअरफोनसह मी एकदा चिवडा खाल्ला. प्रत्येक शेंगदाणा माझ्या कवटीत सुरुंगासारखा उडत होता, आणि पोह्यांचा तर अखंड गोळीबार चालला होता. चालताना स्वतःच्या पावलांचा धम्‌-धम्‌ असा शब्द येई, जणू माझ्या आगमनाची दवंडी माझ्याच कानांत पिटली जात आहे. इस्त्रीच्या कडक सदऱ्यावर तार घासली, की भूपाच्या आलापात मध्येच सरी कोसळत. यावर तार कानामागून फिरवून घ्यावी, असा उपाय आहे. तो मी केला, तेव्हा चष्म्याच्या दांडीने आपल्या हद्दीत अतिक्रमण झाल्याची तक्रार केली.

साडेपाचशेवाला ऐकायला जितका निर्मळ, तितकाच अंगाने आडदांड. त्याचे धातूचे पेर कानाच्या पाळीच्या आतल्या वळणावर असे रुतून बसे, की पाव तासाने तेथे एक बारीक ठणका सुरू होई आणि अर्ध्या तासाने रागाचा रस बाजूला राहून निव्वळ राग उरे. आमच्या कुटुंबास मी पंच नेमले होते. त्यांनी तो कानांत घातला, बारा-पंधरा सेकंद डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे. कान दुखतो. काढा." माझ्या चार पानी नोंदींचा याहून नेमका गोषवारा होणे शक्य नव्हते. पण काढणे तितके सोपे नव्हते, कारण तोवर ती तार मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत गुंतली होती, आणि ती दोन काळी सूत्रे एकमेकांपासून सोडविण्यास मला सुईचा उपयोग करावा लागला. एकाच गळ्यात दोन बंधने मावत नाहीत, असे त्या मला त्या वेळी म्हणाल्या.

गुंत्यावरून आठवले. खिशात घडी घालून नीट ठेवलेली तार बाहेर काढताना गाठींचे घरटे होऊन का निघते, या कोड्याचा छडा अमेरिकेतील सॅन दिएगोच्या विद्यापीठात रेमर आणि स्मिथ या दोघा संशोधकांनी लावला आहे. त्यांनी पेटीत दोरा टाकून ती पेटी यंत्राने फिरविण्याचा प्रयोग तीन हजारांहून अधिक वेळा केला, आणि 2007 साली जाहीर केले, की दोरा पुरेसा लांब असेल तर काही सेकंदांतच गाठ पडते. सुमारे 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड दोऱ्याला मात्र सहसा पडत नाही. इअरफोनची तार साधारण 120 सेंटिमीटर असते, म्हणजे तिच्या नशिबात गाठ जन्मतःच लिहिलेली आहे. पुढील वर्षी या संशोधनास आधी हसविणारे व मग विचार करावयास लावणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. गाठ पडते हे आमच्या आज्जीला ठाऊक होते. पण तिने तीन हजार वेळा करून पाहिले नव्हते, एवढाच फरक.

सुधारित आणेवारीची वेळ एक महिन्याने आली. मधल्या काळात शेजारच्या एका जाणकाराने सांगितले होते, की नवा इअरफोन पन्नास तास वाजू द्यावा, म्हणजे तो मोकळा होतो. मी साडेपाचशेवाला दोन दिवस, दोन रात्री उशीखाली वाजत ठेवला. तो मोकळा झाला की नाही, देव जाणे. माझा कान मात्र त्याला सरावला, जशी नवी कोल्हापुरी चप्पल सैल झाली असे आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळी पायालाच घट्टा पडलेला असतो.

खरी सुधारणा घडविली ती आमच्या बारा वर्षांच्या नातवाने. सुटीत आला असता माझी नोंदवही वाचून त्याने फोनवर निरनिराळ्या उंचीचे सूर काढण्याची युक्ती लावली आणि साडेपाचशेवाल्याचे एक पेर आपल्या कानात, दुसरे माझ्या कानात घालून परीक्षा सुरू केली. एक हजार हर्ट्‌झला मी मान डोलावली. चार हजारांना डोलावली. आठ हजारांना, थोडे थांबून, डोलावली. बारा हजारांवर मी स्वस्थ बसून राहिलो.

"अरे, सुरू कर की."

"आजोबा, वाजतंय! केवढं टोचतंय ते कानाला!"

मी पेरांची अदलाबदल करून पाहिली, पिन पुसून पाहिली, नातवाच्या सत्यनिष्ठेविषयी त्याच्या आजीकडे चौकशी केली. व्यर्थ! वयोमानाने वरच्या स्वरांपासून कानाची वसुली थांबत जाते. खोक्यावरच्या वीस हजारांपैकी माझ्या खात्यात निम्म्याहून कमी जमा होत होते, आणि ज्या साडेपाचशेवाल्याच्या "वरच्या पट्टीतील स्फटिकासारख्या स्वच्छतेस" मी नोंदवहीत एक आणा जास्तीचा दिला होता, ती पट्टी गेली किती तरी वर्षे माझ्या हद्दीतच नव्हती. नातवासमोर मी जो कानकोंडा झालो, तसा महालेखापालांच्या तपासणीसमोरही झालो नव्हतो. तो एक आणा मी लाल शाईने खोडला.

या नव्या प्रकाशात जुन्या तबकड्यांची गोष्ट वेगळीच दिसू लागली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कर्मभूमी मिरज. 1937 साली ते गेले, आणि मागे राहिल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, 78 फेऱ्यांच्या तबकड्या. त्या काळच्या मुद्रणात वरच्या स्वरांचा पट्टा मुळातच फारसा उतरत नसे. त्या पट्ट्यात जे ऐकू येते ते गाणे नसून सुईची खरखर असते. परिणामी महागडा इअरफोन ती खरखर मोठ्या निष्ठेने कानाशी आणून पोचवितो, आणि सत्तर रुपयांचा चपटा ती वाटेतच गिळून फक्त गळा पुढे पाठवितो. त्यांची झिंझोटीतली ठुमरी मी तिन्हींतून ऐकली. सत्तरवाल्यातून खाँसाहेब समोर बसल्यासारखे वाटले. साडेपाचशेवाल्यातून समोर बसले होते खरे, पण मध्ये कोणी तरी भजी तळीत होते.

तारेचा आणखी एक गुण कोणी नमूद करीत नाही. साध्या फोनवर एफ. एम. आकाशवाणी लावू गेले, की फोन आधी इअरफोन जोडावयास सांगतो. ती अडवणूक नसून त्याची गरज असते, कारण त्या वेळी ती तारच एरियल असते. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असल्याने सव्वा मीटरची तार त्या झेलण्यास बरी पुरते. तार हाताने उंच धरली, की बातम्या स्वच्छ होतात. मी रोज सकाळी गच्चीवर एक हात वर करून उभा असतो, आणि समोरच्या इमारतीतील मंडळी मला योगसाधक समजून नमस्कार करतात. बिनतारी गुटिकांनी मला हा मान कधी मिळवून दिला नसता.

अंतिम आणेवारी पुढीलप्रमाणे. साडेपाचशेवाला: आवाजास अकरा आणे, सुखास तीन. सत्तरवाला: आवाजास पाच आणे, जुन्या तबकड्यांसाठी दहा, सुखास बारा, मात्र चौथ्या महिन्यात त्याची पिनेजवळची तार आतून तुटली आणि डाव्या बाजूचा आवाज गेला, तो अद्याप पिन कलती धरून व तिच्याभोवती बॉलपेनची स्प्रिंग गुंडाळून अधूनमधून येतो. एकशे ऐंशीवाला, डावीकडे मोठी व उजवीकडे मधली टोपी घालून: आवाजास साडेनऊ आणे, सुखास दहा; टंचाई नाही, सुकाळही नाही, रोजच्या पहाटेस पुरेसे पीक. माझी पेरणी याच शेतात चालू होती.

होती म्हणतो, याचे कारण असे, की गेल्या महिन्यात एका पहाटे घाईने तार ओढली असता इअरफोन बाहेर आला आणि मोठी टोपी डाव्या कानातच राहिली. कानाच्या डॉक्टरांनी ती चिमट्याने काढली, सहाशे रुपये घेतले आणि टोपी माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिची जोडीदारीण दोनच दिवसांनी पहिल्या गुटिकेच्या मार्गाने मोरीत गेली. दुकानात चौकशी केली, तर तो माल आता येत नाही, आणि नुसत्या टोप्या आम्ही ठेवत नाही, असे उत्तर मिळाले. तरी ज्या कोणा वाचकाचा उजवा-डावा कान लहान असून मोठ्या मापाच्या काळ्या रबरी टोप्या त्याच्या घरी न वापरता पडून असतील, त्याने त्या कृपा करून टाकून देऊ नयेत. लहान मापाची एक कोरी जोडी माझ्याकडे शिल्लक आहे, ती मोबदल्यात तत्काळ देण्यात येईल.